जीवशास्त्रातलं नवं संशोधन कानावर पडत राहायला हवंय? पॉडकास्ट कसे शोधायचे, कसे पारखायचे आणि ऐकल्यावर काय करायचं

मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. डोंबिवली ते दादर आणि परत, म्हणजे रोज दोनेक तास लोकलमध्ये जातात, आणि त्या गर्दीत हातात पुस्तक धरायची सोय नसते पण कान मोकळे असतात. एमएस्सी झाल्यावर संशोधनाचे पेपर वाचायची सवय कधी सुटते ते आपल्याला कळतसुद्धा नाही, मग वर्षानुवर्षं आपण तेच पाठ्यपुस्तक, त्याच आकृत्या, तीच उदाहरणं घेऊन वर्गात उभे राहतो. माझी ती सवय परत लागली ती पॉडकास्टमुळे. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, शिक्षकांसाठी, बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या पोरांसाठी, आणि ज्यांचं शिक्षण दुसऱ्याच विषयात झालं पण जीवशास्त्राची ओढ आहे त्यांच्यासाठीही.

आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलंय. सुरुवातीला मी जे समोर येईल ते ऐकायचे. एका शोमध्ये एका नव्या औषधाबद्दल ऐकलं, इतकं रंगवून सांगितलं होतं की दुसऱ्या दिवशी मी ते बारावीच्या वर्गात जसंच्या तसं सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम हे माणसांवर केलंय का उंदरांवर? मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मूळ पेपर शोधला तर प्रयोग उंदरांवरच होता, आणि त्या अख्ख्या एपिसोडमध्ये उंदीर हा शब्द एकदाच, तोही घाईघाईत येऊन गेला होता. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे, पॉडकास्ट मला मूळ पेपरपर्यंत नेतो का? जो नेतो तो ठेवायचा, जो स्वतःवरच थांबवतो तो करमणुकीला ठीक आहे.

आधी ठरवा, ऐकायचंय कशासाठी

सायन्स पॉडकास्ट म्हटलं की सगळे एकाच पोत्यात घालतात, पण त्यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

पहिला प्रकार साप्ताहिकाचा. 'नेचर' आणि 'सायन्स' ही दोन मोठी जर्नल्स, म्हणजे संशोधनाचे पेपर छापणारी नियतकालिकं, दोघांचेही आठवड्याचे पॉडकास्ट आहेत, 'नेचर'चा बुधवारी येतो आणि 'सायन्स'चा गुरुवारी. अर्ध्या-पाऊण तासात त्या आठवड्यातले दोन-तीन पेपर, बहुतेक वेळा पेपर लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाच्याच तोंडून. जगात काय चाललंय याचा अंदाज येण्यासाठी एवढं पुरतं. फक्त एक लक्षात ठेवा, हे त्या त्या जर्नलच्या घरचे पॉडकास्ट आहेत, त्यामुळे त्यात घरच्या पेपरांना जागा जास्त मिळणार हे ओघानं आलंच.

दुसरा प्रकार माझा सगळ्यात आवडता, काम करणारे शास्त्रज्ञ एकत्र बसून पेपर फोडतात तो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'धिस वीक इन व्हायरॉलॉजी', ऐकणारे सगळे त्याला ट्विव्ह म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले व्हिन्सेंट रॅकानिएलो यांनी डिक्सन डेस्पोमिए यांच्याबरोबर २००८ साली तो सुरू केला. रॅकानिएलो स्वतः पोलिओच्या विषाणूवर आयुष्यभर काम केलेला माणूस. एपिसोड दोन-दोन तासांचे, सुरुवातीला प्रत्येकजण आपापल्या गावचं हवामान सांगतो, मग पेपर उघडतात आणि एकेक आकृती घेऊन बोलतात, या आकृतीत काय दाखवलंय, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा गट, कुठाय, हा निष्कर्ष एवढ्या पुराव्यावर काढता येतो का. पहिल्यांदा ऐकताना मला निम्मं कळलं नव्हतं. पण चार-पाच एपिसोडनंतर जाणवलं की आपण विषाणूंबद्दल शिकतोय त्याहून जास्त पेपर कसा वाचायचा ते शिकतोय, आणि हे मला एमएस्सीला इतकं शांतपणे कुणी बसून शिकवलं नव्हतं.

याच घरातले आणखी शो आहेत, मायक्रोबायोलॉजीचा, उत्क्रांतीचा, न्यूरोसायन्सचा, रोगप्रतिकारशक्तीचा 'इम्यून', आणि परजीवींचा 'धिस वीक इन पॅरासिटिझम'. या शेवटच्याबद्दल खाली परत सांगते, तो शिक्षकांसाठी सोनं आहे.

तिसरा प्रकार मुलाखतींचा. 'बिग बायोलॉजी' नावाचा शो आर्ट वुड्स आणि मार्टी मार्टिन हे दोन जीवशास्त्रज्ञ चालवतात, तासाभराची एकेक मुलाखत, उत्क्रांती, शरीरक्रिया, परिसंस्था असे मोठे प्रश्न. बीबीसीचा 'द लाइफ सायंटिफिक' २०११ पासून चालू आहे, जिम अल-खलिली हे भौतिकशास्त्रज्ञ शास्त्रज्ञांना त्यांच्या आयुष्याबद्दल आणि कामाबद्दल विचारतात. 'नाइट सायन्स' हा थोडा वेगळा, इताई यानाई आणि मार्टिन लर्चर हे दोघं शास्त्रज्ञांना विचारतात की तुम्हाला कल्पना सुचतात कशा. पीएचडीला जायचा विचार करणाऱ्या पोरांना मी हा आवर्जून ऐकायला लावते.

चौथा, गोष्टीसारखे बांधलेले शो. एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा 'शॉर्ट वेव्ह' दहा-पंधरा मिनिटांचा असतो, सुरुवातीला कान तयार करायला उत्तम. 'सायन्स व्हर्सेस' मला एका कारणासाठी आवडतो, त्यांच्या लिखित प्रतीत जवळजवळ प्रत्येक दाव्यापुढे मूळ संशोधनाचा संदर्भ दिलेला असतो. गोष्टही छान सांगायची आणि पुरावाही उघडा ठेवायचा, दोन्ही जमतं हे त्यांनी दाखवलंय.

आणि पाचवा प्रकार, संशोधन कसं होतं आणि कुठे चुकतं यावरचे शो, उदाहरणार्थ 'एव्हरीथिंग हर्ट्झ'. हे नंतर ऐका, आधी थोडी गोडी लागू दे.

आता कागदावर एवढंच लिहा, मला जगातलं सगळं थोडंथोडं हवंय, का एका विषयात खोल जायचंय. दोन्ही एकदम नको. सुरुवातीला एक साप्ताहिक प्रकारातला आणि एक खोल जाणारा, बस्स.

शोधायचं कसं

ॲपमध्ये नुसतं 'बायोलॉजी' टाकून शोधलंत तर परीक्षेच्या नोट्स वाचून दाखवणारे, दोन वर्षांपूर्वी तीन एपिसोड करून बंद पडलेले, आणि गोळ्या विकणारे, सगळे एकत्र समोर येतात. 'टॉप टेन' याद्यांचंही तेच, एकीवरून दुसरी उतरवलेली असते.

त्याऐवजी माणसाच्या नावानं शोधा. ज्या शास्त्रज्ञाचं काम तुम्हाला आवडलंय त्याचं किंवा तिचं नाव ॲपच्या शोधात टाका, मग ती व्यक्ती पाहुणी म्हणून कुठे कुठे गेली होती ते एपिसोड दिसतात. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रो आरएनएसाठी, म्हणजे जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांच्या शोधासाठी मिळालं तेव्हा मी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन ही दोन नावं टाकली, आणि मला एका बसणीत काही असे शो सापडले जे विषयाच्या नावानं मला आयुष्यात सापडले नसते. चांगल्या शास्त्रज्ञाला बोलावणारा शो बहुतेक वेळा दुसऱ्याही चांगल्या लोकांना बोलावतो, ही साखळी धरून पुढे जायचं.

दुसरी वाट संस्थांची. जर्नल्स, शास्त्रज्ञांच्या संघटना, विद्यापीठं यांचे स्वतःचे पॉडकास्ट असतात, जाहिरात कमी त्यामुळे ते वर येत नाहीत. ब्रिटनच्या जेनेटिक्स सोसायटीचा 'जेनेटिक्स अनझिप्ड' असाच, त्याचे जुने एपिसोड जनुकशास्त्राचा इतिहास शिकवताना फार कामाला येतात. आपल्याकडे इंडिया बायोसायन्स या संस्थेचा 'इंडियाबायोस्पीक्स' आहे, भारतातल्या लॅबमध्ये काय चाललंय, पीएचडी, पोस्टडॉक, ग्रँट, नोकरी, हे सगळं इथल्याच लोकांच्या तोंडून ऐकायला मिळतं. परदेशी शो कितीही चांगले असले तरी हे ते सांगू शकत नाहीत.

आणि जुन्या एपिसोडना कमी समजू नका. बीबीसीच्या 'इन अवर टाइम'चा १९९८ पासूनचा साठा पडलाय, त्यात प्रकाशसंश्लेषणावरचा एपिसोड आहे, तीन प्राध्यापक टेबलाभोवती बसून बोलतायत. नव्या संशोधनाची बातमी कळायला जुनी बैठक पक्की लागते, ती इथे मिळते.

मराठीत काय? बीबीसी मराठीचा 'सोपी गोष्ट' बातमीतला एकेक विषय उलगडून सांगतो, त्यात आरोग्य आणि विज्ञानाचे विषयही येतात. पण आठवड्याच्या आठवड्याला पेपर उघडून बोलणारा मराठी शो मला हवाय तसा अजून मिळालेला नाही, आणि ही उणीव मला मनापासून खुपते, कारण मराठी माध्यमातून आलेली माझी हुशार पोरं केवळ इंग्रजी उच्चारांना बिचकून या सगळ्यापासून लांब राहतात.

पारखायचं कसं

नवा शो सापडला की लगेच सबस्क्राइब करू नका. तीन एपिसोड ऐका, आणि त्यातला एक असा निवडा ज्याचा विषय तुम्हाला आधीच नीट माहितीये. हे फार महत्त्वाचं. ज्या विषयात आपल्याला काहीच कळत नाही तिथे सगळेच विद्वान वाटतात.

माझी चाचणी मायक्रो आरएनएवर असते. १९९३ साली ॲम्ब्रोस आणि रव्हकुन यांच्या लॅबमधून सी. एलिगन्स या इवल्याशा गोलकृमीतल्या लिन-४ या पहिल्या मायक्रो आरएनएबद्दलचे पेपर आले, आणि पुढची सात वर्षं बहुतेकांना वाटत होतं की ही त्या कृमीचीच काहीतरी खासियत असणार. २००० साली लेट-७ हा दुसरा मायक्रो आरएनए सापडला, तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत आहे हे कळलं, तेव्हा जग जागं झालं. आता जो शो नुसतं 'क्रांतिकारी शोध' म्हणून पुढे जातो त्याला मी कमी मार्क देते, आणि जो ती मधली सात वर्षं सांगतो, लोकांनी का लक्ष दिलं नाही आणि मग का दिलं ते सांगतो, तो ठेवते. तुमच्या विषयातली अशी एक जागा शोधून ठेवा, जिथे गोष्ट वळते, आणि तिथे शो काय करतो ते बघा.

ऐकताना मी कान कशाकडे लावून असते तेही सांगते. प्रयोग कुणावर झाला, पेशींवर, उंदरांवर का माणसांवर, हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगितलं का? किती जणांवर? पेपर लिहिणाऱ्याशिवाय त्याच विषयातल्या दुसऱ्या कुणाला, ज्याचा या कामाशी संबंध नाही अशा माणसाला, मत विचारलं का? पेपर तपासून छापलेला आहे का अजून प्रीप्रिंट आहे, म्हणजे बायोआर्काइव्हसारख्या ठिकाणी तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेला, हे सांगितलं का? आणि 'हे आम्हाला अजून माहीत नाही' असं वाक्य एपिसोडभरात एकदा तरी आलं का? हे वाक्य ज्या शोमध्ये कधीच येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मग शो नोट्स उघडा, एपिसोडच्या खाली लिहिलेला मजकूर. तिथे पेपरची लिंक हवी. ट्विव्हच्या नोट्समध्ये त्या दिवशी चर्चेला घेतलेल्या पेपरच्या लिंका असतात. जिथे नुसत्या जाहिराती आणि डिस्काउंट कोड आहेत, तिथे समजायचं ते समजा. ज्या गोळीचं किंवा पावडरीचं एपिसोडमध्ये कौतुक झालं तिचीच मध्ये जाहिरात आली, तर तो शो त्याच क्षणी काढून टाका, मग होस्टच्या नावापुढे कितीही पदव्या असोत.

शेवटची पारख, चुकीवर परत येतात का. २०१० च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधल्या एका जिवाणूची मोठी बातमी आली होती, तो डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतो अशी. २०१२ साली 'सायन्स'मध्येच दोन पेपर आले ज्यांनी ते खोडून काढलं, आणि मूळ पेपर 'सायन्स'नं मागे घेतला तो २०२५ च्या जुलैमध्ये, तोही मूळ लेखकांना मान्य नसताना. म्हणजे एका बातमीचं वर्तुळ पूर्ण व्हायला साडेचौदा वर्षं. जुन्या शोच्या साठ्यात 'आर्सेनिक' टाकून बघा, त्यांनी फक्त पहिली बातमी दिली का पुढचंही सांगितलं.

ॲप आणि सेटिंग

हे पटकन सांगते. अँड्रॉइडवर अँटेनापॉड घ्या, फुकट आहे, जाहिराती नाहीत, ओपन सोर्स आहे. पॉकेट कास्ट्स अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतं. आयफोनवर ॲपलचं आधीपासून असतंच, आणि मार्च २०२४ पासून त्यात इंग्रजी एपिसोडचा मजकूर स्क्रीनवर वाचता येतो, ही सोय फार मोठी आहे. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा कुणाच्या जुन्या फोनवर ते असेल तर त्याच्या नादी लागू नका.

सेटिंगमध्ये ऑटो डाउनलोड फक्त वायफायवर ठेवा, प्रत्येक शोचे जास्तीत जास्त दोन एपिसोड, आणि ऐकून झाला की आपोआप डिलीट. लोकलमध्ये नेटवर्क येतं जातं, रात्री घरी उतरवून ठेवलेलंच कामाला येतं. यूट्यूबवरही हे बरेच शो असतात पण फुकटच्या यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की आवाज बंद, आणि डेटा जातो तो वेगळाच.

इंग्रजी उच्चार कळत नसतील तर वेग ०.८ करा, त्यात कमीपणा काहीच नाही. पहिल्यांदा लिखित प्रत समोर ठेवून ऐका, दुसऱ्यांदा नुसतं ऐका. माझ्या एका विद्यार्थ्यानं 'शॉर्ट वेव्ह'चे एपिसोड असे रोज एक याप्रमाणे महिनाभर ऐकले, दीड महिन्यानंतर तो ट्विव्हबद्दल मला प्रश्न विचारत होता.

ऐकल्यावर पेपरपर्यंत जायचं

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि खरं काम इथेच आहे. महिन्याला एक पेपर, यापेक्षा जास्त ठरवू नका.

शो नोट्समधली लिंक उघडा. लिंक नसेल तर शास्त्रज्ञाचं आडनाव आणि विषयाचे दोन शब्द पबमेडमध्ये, म्हणजे जीवशास्त्र-वैद्यकाचे पेपर शोधायच्या मोफत वेबसाइटवर टाका, सापडतो. आधी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश वाचा, मग थेट आकृत्यांकडे जा, मग शेवटची चर्चा. मधलं पद्धतींचं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलंत तरी चालेल, फक्त प्रयोग कशावर आणि किती नमुन्यांवर केला ते तिथून बघून घ्या. आणि मग स्वतःला विचारा, एपिसोडमध्ये सांगितलं ते आणि इथे लिहिलंय ते सारखंच आहे का. फरक दिसला की तो लिहून ठेवा, तीन-चार फरक जमले की त्या शोचा स्वभाव कळतो.

पैसे मागणारं पान आलं तर घाबरू नका. युरोप पीएमसी या वेबसाइटवर मोफत प्रत आहे का बघा, ब्राउझरमध्ये अनपेवॉल टाका, ते कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवतं. लेखकाला दोन ओळींची मेल केली तर बरेचजण आनंदानं पेपर पाठवतात. सरकारी विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत असाल तर २०२५ च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत, लायब्ररीत जाऊन विचारा. पेपरवर कुणी शंका घेतली आहे का ते पबपीअर या वेबसाइटवर दिसतं, आणि पेपर मागे घेतलाय का ते पबमेडवरच ठळक लिहिलेलं असतं.

माझी एक वही आहे, दोनशे पानी साधी. प्रत्येक एपिसोडला तीन ओळी: काय सापडलं, कशावर सापडलं, काय अजून माहीत नाही. तिसरी ओळ रिकामी राहिली तर पेपर उघडल्याशिवाय तो मुद्दा वर्गात घेऊन जायचा नाही, हा नियम मी त्या उंदरांच्या प्रसंगानंतर केलाय आणि आजपर्यंत मोडलेला नाही.

हल्ली अजून एक नवीन गोष्ट आलीय, नोटबुकएलएमसारख्या एआय टूलमध्ये पेपर टाकला की दोन आवाज त्यावर गप्पा मारतात, अगदी पॉडकास्टसारख्या. ऐकायला गोड वाटतं. पण त्या आवाजांमागे कुणीही कधी हातात पिपेट धरलेलं नसतं, कुठल्या आकृतीवर शंका घ्यायची हे अनुभवातून येतं ते तिथे नसतं. पेपर स्वतः वाचून झाल्यावर उजळणीला वापरा, आधी नको.

छाटणी करत राहा

दर तीन-चार महिन्यांनी यादी बघा. ज्या शोचे दहा एपिसोड न ऐकता साठलेत तो काढा, अपराधी वाटून घेऊ नका. माझ्याकडे एकेकाळी बावीस शो होते, काहीच धड ऐकून व्हायचं नाही. आता चार आहेत: 'नेचर'चा, ट्विव्ह, 'बिग बायोलॉजी', आणि परजीवींचा.

त्या परजीवींच्या शोबद्दल सांगायचं राहिलं होतं. त्यात डॉ. डॅनियल ग्रिफिन एका खऱ्या रुग्णाची केस सांगतात, वय, कुठे प्रवास केला, काय खाल्लं, घरी कुठले प्राणी, काय लक्षणं, आणि रोगाचं नाव सांगत नाहीत. ऐकणारे मेल करून अंदाज पाठवतात, उत्तर पुढच्या एपिसोडमध्ये. मी ती केस सोमवारी फळ्यावर मराठीत लिहिते, प्रवास आणि जेवण मोठ्या अक्षरात, आणि पोरांना पुस्तकातला परजीवींचा भाग उघडायला सांगते. मग मलेरिया म्हणणारे एका बाजूला, जंत म्हणणारे दुसऱ्या बाजूला, मागच्या बाकापर्यंत वाद चालतो, आणि घंटा झाली तरी कुणीतरी टेबलापाशी येऊन विचारतंच, मॅडम, उत्तराचा एपिसोड कधी येणार?